अंगावर पाल

पंचांगाच्या शेवटच्या पानांत, ग्रहणं आणि विवाहमुहूर्त संपले की एक लहानसं कोष्टक असतं. मथळा : पल्लीपतन. पाल अंगावर पडली तर काय होतं, याचा तो हिशेब. मस्तक, कपाळ, कान, खांदा, पोट, गुडघा, पायाचा अंगठा असे अवयव एका बाजूला आणि त्यांची फळं समोर. कुठे लाभ, कुठे कलह, कुठे प्रवास. पुरुषाला उजवं अंग शुभ, बाईला डावं. सरडा अंगावर चढला तर काय, तेही शेजारीच. मला या कोष्टकाचं लहानपणापासून आकर्षण. माणसाच्या देहाचा इतका बारीक नकाशा, आणि तोही पालीच्या सोयीने काढलेला, मी दुसरीकडे पाहिलेला नाही. कोणीतरी पिढ्यान् पिढ्या आढ्याकडे बघत बसलं असणार. कोणती पाल कुणाच्या कुठे पडली आणि पुढे त्याचं काय झालं, हे मनात टिपत.

त्या कोष्टकात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. पाल आपल्या अंगावर येते ती तोल जाऊन. तिची पकड सुटते, आपण नेमके खाली असतो, आणि मग आंघोळ, दिवा, देवदर्शन. कोणी पाल पैसे मोजून विकत आणेल, तिच्यापुढे तळहात पसरून 'ये गं, चढ' म्हणेल, ही शक्यता पंचांगकर्त्यांच्या मनाला शिवलेली नाही.

आमच्या घरात ती शिरली लेकीच्या शिंकांच्या वाटेने. आम्ही राहतो डॉर्टमुंडला, तिसऱ्या मजल्यावर. मुलीला आधी कुत्रा हवा होता, मग मांजर, मग ससा. प्रत्येकाची ओळख करून घ्यायला ती कुणाकुणाच्या घरी जायची आणि लाल डोळे, वाहतं नाक घेऊन परतायची. केसाळ प्राणी हिला मानवणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच आम्हाला कळून चुकलं होतं. तिने ते मुकाट ऐकून घेतलं आणि एका रात्री जेवताना विचारलं, "खवल्यांचा चालेल ना?" अटीही तिनेच घातल्या. दिसायला छान हवा, आणि हातात घेता आला पाहिजे.

माझ्या मनात जी चुकचुकली ती अर्थातच शंकेची पाल. साताऱ्याच्या जुन्या घरात ट्यूबलाइटच्या मागून चुकचुक ऐकू आली की आई जमिनीवर बोटं आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायची. माझी बोटं आपोआप टेबलावर वाजली.

जर्मनीत असला प्राणी घ्यायचा विचार बोलून दाखवला की लोक एका शहराचं नाव घेतात : हाम. डॉर्टमुंडच्या पूर्वेला, जवळच. कधीकाळी कोळशाच्या खाणींवर जगणारं हे शहर आम्हाला माहीत होतं ते मात्र देवीमुळे. हामच्या उएनट्रोप भागात, कारखान्यांच्या शेडांच्या ओळीत कामाक्षीचं देऊळ आहे. श्रीलंकेहून आलेल्या तमिळ लोकांनी उभारलेलं, कांचीपुरमच्या कामाक्षी मंदिराच्या धर्तीवरचं. २००२ साली तिथे प्रतिष्ठापना झाली. कांचीपुरम म्हटलं की मला तिथलं दुसरं देऊळ आठवतं, वरदराज पेरुमाळचं. त्याच्या छताला सोन्या-चांदीने मढवलेल्या पाली आहेत. त्यांना हात लावला की पाल अंगावर पडल्याचा दोष जातो, अशी श्रद्धा. हामच्या ज्या कामाक्षीला आम्ही नमस्कार करायला जात होतो, तिच्याच गावी आता खऱ्या पालीला हात लावायला निघालो.

हामच्या त्सेंट्रालहालेन या प्रदर्शनगृहात वर्षातून चार वेळा 'टेरारिस्टिका' भरते. सरपटणाऱ्या प्राण्यांचे जगात जे मोठे बाजार आहेत त्यांत तिचं नाव पहिल्यांदा घेतात. दारं उघडण्याआधीच बाहेर रांग लागलेली असते. गाड्यांच्या पाट्या पोलंडच्या, चेकियाच्या, हॉलंडच्या, स्पेनच्या. प्रत्येकाच्या काखेत थर्मोकोलची पेटी, कारण विकत घेतलेला जीव घरी पोचेपर्यंत गारठता कामा नये. आत ओल्या नारळाच्या भुश्शाचा आणि तळलेल्या सॉसेजचा एकत्र वास. लांबच लांब टेबलं, आणि त्यांवर भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यांच्या चळती. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी : लॅटिन नाव, जन्माचं साल, किंमत आणि एक अपूर्णांकासारखा आकडा. १.० म्हणजे एक नर, ०.१ म्हणजे एक मादी. अजून कळत नसेल तर ०.०.१. लेकीला हा हिशेब फार आवडला. रांगेतल्या लोकांना ती हळूच १.० आणि ०.१ म्हणत मोजायला लागली.

आणि मग रूप. इतकं रूप एका छताखाली मी पाहिलं नव्हतं. मादागास्करचे पँथर शॅमेलिऑन : बेटाच्या ज्या भागातला, त्याप्रमाणे रंग. अंबिलोबेकडचा लाल-निळ्या पट्ट्यांचा, नोसी बेचा हिरवा-मोरपंखी. हिरवा वृक्ष-अजगर, जो पिल्लू असताना पिवळाधमक किंवा विटकरी असतो आणि वयात येताना हिरवा होतो. भर दुपारी वावरणाऱ्या फेल्सुमा पाली, पोपटी अंगावर कुंकवाचे थेंब उडाल्यागत. निळसर राखाडी अंगावर नारिंगी ठिपके मिरवणारा टोके, तोही पालीच्याच जातीतला. मुलगी प्रत्येक डब्यापाशी थांबे, वाके आणि विचारी, "हा हातात घेता येतो?" उत्तर बहुतेक वेळा तेच. शॅमेलिऑन हातात येतो, पण अंग काळपटतं. ती त्याची नापसंती. वृक्ष-अजगराला फांदीवरून सोडवणं त्याला मुळीच खपत नाही. फेल्सुमाला पकडलं तर ती निसटते आणि आपली कातडी तुमच्या बोटांत ठेवून जाते. टोके चावतो, आणि चावला की सोडत नाही.

फिरता फिरता लेकीचा चेहरा उतरत गेला. मला मात्र साताऱ्याच्या वर, ठोसेघरच्या पुढे असलेलं चाळकेवाडीचं पठार आठवत होतं. पावसाच्या आधीच्या महिन्यांत, पवनचक्क्यांच्या खाली, तापलेल्या कातळावर एक सरडा चढून बसतो. मातकट, वितभर सुद्धा नाही. मग तो पुढच्या पायांवर ताठ होतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो : निळा, काळा, नारिंगी. उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये त्याचं स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन केलं आणि 'सारडा सुपर्बा' असं नाव ठेवलं. त्या पंख्यात माणसाला उद्देशून काहीही नाही. तो पलीकडच्या दगडावरच्या मादीसाठी आहे आणि त्याच्या पलीकडच्या नरासाठी. आपण जवळ गेलो की पंखा मिटतो आणि उरतो एक मातकट सरडा. त्याला हातात घेणारा माणूस ज्यासाठी हात पुढे करतो, तेच नेमकं हातात येत नाही.

हे मी लेकीला तिथे, गर्दीत, सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकलं, आणि म्हणाली, "मग असा शोधू की ज्याचं रूप हात लावल्यावर पळून जाणार नाही." मुलांना उपदेश केला की ती त्याची यादी करतात.

ती यादी लांब नाही. दाढीवाला ड्रॅगन, कॉर्न स्नेक, क्रेस्टेड गेको आणि लेपर्ड गेको. नवख्या घराला कोणीही हीच नावं सांगतं. दाढीवाला ड्रॅगन हा मूळचा मध्य ऑस्ट्रेलियाचा सरडा, दोन फुटांपर्यंत वाढणारा. खांद्यावर बसून घरभर फिरेल इतका निवांत. रागावला की गळ्याची दाढी काळी होते, आणि आपल्याहून दांडगा समोर आला की एक पाय उचलून हवेत सावकाश फिरवतो. ऑस्ट्रेलिया आपले वन्य प्राणी विक्रीसाठी बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत ऊन खात बसलेल्या या ड्रॅगनांचे पूर्वज बव्हंशी चोरवाटेने आलेले. त्याला मोठी पेटी लागते, दिव्याखालची जागा चाळीस अंशांच्या आसपास तापलेली लागते, अतिनील किरणांचा दिवा लागतो. आणि तो दिवसाचा प्राणी. मुलगी शाळेत असताना जागा, ती घरी येऊन गृहपाठ संपवेपर्यंत पेंगुळलेला.

कॉर्न स्नेक तर देखणाच. अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप, केशरी अंगावर काळ्या कडांचे लाल पट्टे. हातातून तो वाहत जातो. तो आवडला मला. पण त्याचं जेवण म्हणजे गोठवलेले उंदीर. आमच्या फ्रीजरमध्ये ओल्या नारळाचा चव आहे, साताऱ्याहून आलेल्या पुरणपोळ्या आहेत, आटवलेला आमरस आहे. त्या शेजारात उंदरांची पिशवी ठेवायला घरातलं कोणी राजी होईना. शिवाय जवळच्या हर्ने शहरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुणाचा तरी पाळलेला नाग निसटला होता. रहिवाशांना दिवसच्या दिवस घराबाहेर काढावं लागलं, आणि आता या राज्यात खाजगी माणसाला नव्याने विषारी साप पाळता येत नाही. त्या नागाचा कॉर्न स्नेकशी काही संबंध नाही, पण आमच्या मजल्यावरच्या वयस्क बाईंना हे पटवून कोण देणार?

क्रेस्टेड गेकोची गोष्ट गोड आहे. न्यू कॅलिडोनियातली ही पाल नामशेष झाली असं धरून चालले होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. डोळ्यांवर पापणीसारखी झालर, खायला फळांची भिजवलेली पूड. पण ती उडी मारते, तीही न सांगता. आणि शेपूट एकदा गेली की तिला पुन्हा येत नाही.

उरली लेपर्ड गेको. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत इथल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८५४ मध्ये एडवर्ड ब्लिथने केलं, जो कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचं काम पाहत असे. म्हणजे जर्मनीच्या बाजारात, थर्मोकोलच्या पेट्यांच्या गर्दीत, आमच्या बाजूची निघाली ती हीच.

तिच्या टेबलांवर मात्र माझे डोळे फिरले. एकाच जातीची इतकी रूपं : पिवळी, संत्र्याच्या रंगाची, दुधाळ, लालचुटूक डोळ्यांची, ठिपकेच नसलेली. रंगाप्रमाणे भाव. एका डब्याशी लेक खिळली. एक म्हातारा डच विक्रेता तिच्याकडे बघत होता. "तो रंग छानच आहे," तो म्हणाला, "पण छान रंगामागे काय आलंय ते आधी विचारायचं." मग त्याने 'लेमन फ्रॉस्ट'ची हकीकत सांगितली. फिक्या लिंबाच्या रंगाची, बर्फ भुरभुरल्यासारखी दिसणारी ही पाल बाजारात आली तेव्हा लोक वेडे झाले होते. पुढे तिच्या अंगावर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. त्या गाठी कातडीतल्या ज्या पेशी उजेड परावर्तित करतात त्यांच्याच. रंग उजळ करणाऱ्या पेशी वाढता वाढता थांबतच नव्हत्या. घरी आल्यावर मी शोधलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्याला कारण असलेल्या जनुकाचा माग काढला होता. हा रंग वाहणाऱ्या ८० टक्क्यांहून अधिक पालींना ती गाठ होते. तसंच 'एनिग्मा' नावाचं रूप : नक्षी सुरेख, पण मान वाकडी होते, तोल जातो, ती जागच्या जागी गोल फिरत राहते. ज्या पैदाशीमुळे प्राण्याला वेदना होतील ती जर्मनीच्या प्राणिरक्षण कायद्याच्या कलम ११ ब प्रमाणे निषिद्ध आहे. बाजार मात्र रंगाला आधी पाहतो.

या बाजारावर आणखीही एक सावली आहे. श्रीलंकेच्या डोंगरांत सोडून कुठेच न सापडणारे सरडे युरोपातल्या विक्रीला आलेले आहेत, आणि ते तिथून कायद्याने बाहेर पडूच शकत नाहीत. आपल्याकडच्या तारांकित कासवांचा इतका उपसा झाला की २०१९ मध्ये त्यांना साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत घालावं लागलं. म्हणून डबा हातात घेताना पहिला प्रश्न, ही कुठे जन्मली? लेपर्ड गेको या बाबतीत सरळ आहे. ती कित्येक पिढ्या काचेच्या पेट्यांतच जन्मते आहे.

डच म्हाताऱ्याने आमच्यापुढे रंगाने साधी, पिवळी, काळ्या ठिपक्यांची एक मादी ठेवली. मादीच कशावरून, हे त्याने सांगितलं तेव्हा मला गंमत वाटली. या पालीत नर की मादी हे अंडं किती उबेत ठेवलं त्यावर ठरतं. सव्वीस-सत्तावीस अंशांना बहुतेक माद्या, बत्तीस-तेहतिसाच्या आसपास बहुतेक नर, आणि त्याहून चढवलं तर पुन्हा माद्या. पुढचं तो मुलीशीच बोलला. "हात वरून न्यायचा नाही. तिच्यासाठी वरून येतो तो शिकारी पक्षी. हात समोर, जमिनीलगत ठेवायचा आणि थांबायचं. ती स्वस्थ बसली म्हणजे खूश आहे असं समजू नकोस. घाबरलेली पालही स्वस्थच बसते. जीभ बाहेर काढून तुझी चव घेतली, पुढे चालली, तर ठीक. शेपूट उचलून सावकाश हलवायला लागली तर हात मागे घे." मग त्याने पेटीचं झाकण उघडलं. मुलीचा तळहात टेबलावर पालथा होता. तो तिने उताणा केला. पाल बराच वेळ काही करीना. मग तिने जीभ लावली, आणि एक पाय बोटांवर ठेवला.

शांत स्वभावाला कारणं असतात. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत. ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवरून चालते. खाल्लेलं शेपटीत चरबी करून साठवते, त्यामुळे रोजच्या घासासाठी तिची धावपळ नाही. आणि बहुतेक पालींना नसतात अशा हलणाऱ्या पापण्या तिला आहेत. ती डोळे मिटते. मिटलेल्या डोळ्यांच्या प्राण्याबद्दल माणसाला लगेच माया वाटते, मग त्याने ते कशासाठीही मिटलेले असोत. तोंडाची ठेवणही अशी की ती सतत मंद हसते आहे असं वाटावं. ते हसू नाही. पण ते हसू नाही हे माहीत असूनही पाहणाऱ्याला बरं वाटतं.

घरी आल्यावर सुरुवातीला हात लावायचा नाही, हा नियम. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी गार. मध्ये ओलसर शेवाळाची गुहा, कात टाकताना लागते ती. सुटी वाळू नाही, कारण खाण्याबरोबर पोटात गेली तर आतडं अडतं. पेटीसमोर मुलगी खुर्ची टाकून बसे आणि वाचे. पाल संध्याकाळी बाहेर येई, म्हणजे अगदी तिच्या वेळेला.

मला मात्र वेगळीच भेट मिळाली. पालीचं खाणं म्हणजे जिवंत रातकिडे. ते दुकानातून प्लॅस्टिकच्या डब्यात येतात, त्यांना गाजर घालायचं, आणि पालीला देण्याआधी पिशवीत कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचं, नाहीतर तिची हाडं मऊ पडतात. हे रातकिडे रात्री गातात. बाहेर डिसेंबर, खिडकीला दव गोठलेलं, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात साताऱ्याच्या श्रावणातली रात्र किर्रर्र वाजते आहे. नवऱ्याने डबा बाल्कनीत ठेवायला सांगितला. बाल्कनीत ते मरतील, असं मी म्हणाले. ते खरंही होतं.

हळूहळू पाल हातावर यायला लागली. मुलगी जमिनीवर मांडी घालून बसते, म्हणजे पडली तरी उंचावरून नको. एका तळहातावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, अशी ती चालत राहते. पोट मऊ, नखं जेमतेम जाणवतात. जवळून पाहिलं तर तिच्या कानाच्या भोकातून आरपार उजेड दिसतो : एका कानातून पाहिलं की पलीकडच्या कानाबाहेरचा दिवा दिसतो. एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देणं ही आपली केवळ बोलण्याची रीत; इथे ती देहातच बांधलेली. कात टाकायची झाली की अंग पांढुरकं, धुरकट होतं. मग ती नाक दगडावर घासते, तोंडाकडून कातडी सुटते, आणि घट्ट गळ्याच्या स्वेटरमधून मूल डोकं ओढून काढतं तशी ती बाहेर येते. निघालेलं सगळं खाऊन टाकते. बोटांवरची राहिलीय का, हे आम्ही पाहतो, कारण अडकलेली कात बोटाला आवळते. शेपटीला कोणी हात लावत नाही. धरली तर ती शेपूट सोडून देते. नवी येते, पण आखूड आणि फुगीर, जुनी नक्षी हरवलेली. आणि प्रत्येक वेळी नंतर साबणाने हात धुवायचे. साल्मोनेलाचे जंतू सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर सहज असतात, आणि म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती हे प्राणी देऊच नयेत. पंचांगाने सांगितलेली आंघोळ अगदीच निराधार नव्हती म्हणायची.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने आधी पदर नाकाला लावला, फोनमधून वास येणार असल्यागत.

"चावते का गं?"

"नाही, आजी."

"हाक मारली की येते?"

"नाही येत."

"मग ओळखते तरी का तुला?"

लेक विचारात पडली. "हाताचा वास ओळखते बहुतेक."

"म्हणजे ऊब द्यायची आपण, नैवेद्य दाखवायचा आपण, आणि तिने नुसतं बसून राहायचं," आई म्हणाली. "देवच की मग!"

हसून झालं, पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. साताऱ्याला आमच्या महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे, फरशीत कोरलेलं एक दगडी कासव आहे. गाभाऱ्यात जाण्याआधी प्रत्येक जण वाकतो, त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि तो हात कपाळाला लावतो. शेकडो वर्षांच्या हातांनी ते गुळगुळीत झालेलं. मराठी माणूस ज्याला आपणहून, न घाबरता, रोज हात लावतो असा सरपटणारा प्राणी तो एकच, आणि तो दगडाचा. दगडाला आपण जीव समजून हात लावतो.

आमची पाल नेमकं उलट करते. तिच्या पेटीतला उबदार दगड तीस-बत्तीस अंशांवर ठेवलेला असतो. माणसाच्या तळहाताची कातडी साधारण तितकीच गरम. मुलीच्या हातावर ती पोट टेकून बसते, डोळे अर्धे मिटते, तेव्हा तिच्या लेखी ते प्रेम नसतं, उपकार नसतो, बहुधा माणूसही नसतो. जिवाला ती दगड समजून टेकते. पण असा दगड की जो अचानक हलत नाही, वरून येत नाही, आवळत नाही. असा दगड होणं सोपं नाही, विशेषतः शाळेतून आलेल्या, दिवसभराचं सांगायला उतावीळ झालेल्या मुलीला. ती श्वास मंद करते. बोलणं थांबवते. हातावर घेता येणारा प्राणी आम्ही शोधायला गेलो होतो. त्या प्राण्याला ज्यावर बसता येईल असा हात घरात हळूहळू तयार होत गेला. रूपाची निवड बाजारात एका सकाळी होऊन जाते. या हाताची निवड पाल करते, आणि रोज नव्याने करते.

एक गोष्ट मात्र सलते. या पालीची सख्खी चुलत बहीण आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत खडकाळ माळांवर राहते, तशीच ठिपक्यांची, तशीच पापण्या मिटणारी. ती रात्री बॅटरीच्या झोतात कुणाच्या समोर आली तर तिच्या वाट्याला काठी येते, कारण पाल म्हणजे विष, ही समजूत. जगातली एकही पाल विषारी नाही. डॉर्टमुंडला जिच्यासाठी आम्ही थर्मोस्टॅट आणला, तिच्याच कुळातली तिकडे बांधावर ठेचली जाते. तिला पाळायला आणावं असं मी म्हणणार नाही. आपल्या रानातले हे जीव रानातच हवेत. घोरपड, अजगर, तारांकित कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. परदेशी प्राण्यांसाठीही, ते साइटिसच्या यादीत असतील तर, २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते. पुण्या-मुंबईच्या दुकानांत नाण्याएवढं मिळणारं लाल कानाचं कासव पुढे ताटाएवढं होतं आणि मग कुणीतरी ते अंधारात तळ्यात सोडून येतं. त्यापेक्षा बॅटरी बंद करून त्या पालीला तिच्या वाटेने जाऊ देणं कितीतरी सोपं आहे.

आता सुट्टीत साताऱ्याला गेले किंवा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटले की लोक विचारतात, मुलांसाठी कोणता घ्यावा? मी रंगाबद्दल अगदी शेवटी बोलते. आधी सांगते की ही पाल पंधरा-वीस वर्षं जगते. आज पाचवीत असलेली मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही तिला रातकिडे लागतील, आणि ती दुसऱ्या गावी गेली तर ते घोळवायचे तुम्हाला आहेत. कुठे जन्मली त्याचा पुरावा मागा. चालून दाखवायला सांगा. मान वाकडी होते का, तोल जातो का बघा. शेपूट जाड हवी, डोळे स्वच्छ हवेत. आणि घरी आणल्यावर सुरुवातीला अजिबात हात लावू नका, ती येईल तेव्हा येईल. हे शेवटचं ऐकून ज्यांचा चेहरा पडतो, त्यांना मी मनापासून सांगते की तुम्ही खुशाल कुत्रा पाळा. तुम्हाला जे हवंय ते त्यालाही हवं असतं.